पदराखालची प्रयोगशाळा

मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी खिडकीकडे जात आणि ती लावून घेत. खिडकी लावण्याजोगी नसेल, तर पदर डोक्यावरून पुढे ओढून, त्याच्या आत मोबाइल आणि हातातली वस्तू धरून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कुणी बाई घरच्या दुःखाने रडते आहे. थोड्या वेळाने पदराच्या आतून खणखणीत आवाज येई, "बोलतंय की! सर, या हिकडं. बोलतंय बघा!"

आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांचा आवाज त्यांच्या आधी जिना चढतो. कोल्हापुरातल्या आमच्या महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवीत आणि मी भौतिकशास्त्र. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीतून त्यांचे सगळे तास मला ऐकू येत. माझा एकही तास त्यांना कधी ऐकू गेला नसावा. मी हळू बोलतो. वाक्य पूर्ण होण्याआधी त्यातली चूक शोधण्याची मला सवय आहे, त्यामुळे माझी पुष्कळशी वाक्ये 'असू शकेल' या शब्दांपाशी येऊन थांबतात. मॅडम म्हणत, "सर, तुमचं ते 'असू शकेल' घरी खुंटीला अडकवून येत जावा. पोरं परीक्षेत तेवढंच लिवत्यात."

पदराखाली चालणारा प्रकार काय होता, ते आधी सांगायला हवे. काही पदार्थांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारा जांभळा, अतिनील प्रकाश टाकला की ते पदार्थ स्वतःच्या वेगळ्याच रंगात उजळतात. शास्त्रात याला प्रतिदीप्ती म्हणतात. वर्गात मॅडम हा शब्द फळ्यावर एकदा लिहीत आणि लगेच पुसून टाकत. "पदार्थाला जांभळ्या रंगात प्रश्न विचारायचा," त्या सांगत, "आणि तो कुठल्या रंगात उत्तर देतोय ते बघायचं. जो उत्तर देतो त्याचं नाव कळतं. किती जोरात देतो त्यावरनं तो किती हाय ते कळतं. झालं शास्त्र."

हे उत्तर मोजणारी मोठी यंत्रे असतात. ती थंड खोलीत राहतात, त्यांच्यासाठी नंबर लावावा लागतो, आणि त्यांच्याजवळ जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात. मॅडमना त्या यंत्रांविषयी आदर होता, पण राग त्याहून अधिक होता. "यंत्र गावात जात न्हाय आणि गाव यंत्राकडं येत न्हाय," असे त्या म्हणत. "पण मोबाइल? त्यो म्हशीच्या गोठ्यातसुदिक हाय." मोबाइलच्या कॅमेऱ्याला रंग ओळखता येतात आणि त्यांची तीव्रता आकड्यांत सांगता येते, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी आपला सगळा संसार मांडला होता. चपलांच्या खोक्याला आतून काळा रंग दिलेला. एका बाजूने दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसली जांभळी बॅटरी. समोर भोक, त्यावर जांभळा प्रकाश अडवणारी पारदर्शक फिल्म, आणि त्यावर मोबाइल. मध्ये काचेची लहान बाटली. हे खोके त्या भाजीच्या पिशवीतून नेत, आणि कित्येकदा त्यावर खरोखरच भाजी असे.

सुरुवातीला स्टाफरूममध्ये त्याची पुष्कळ थट्टा झाली. "काय मॅडम, सेल्फी झाला का पालकाचा?" असे एका सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी डब्यातला पालक स्पिरिटमध्ये चुरडला, गाळला, आणि ते खोके त्यांच्या नाकासमोर धरले. हिरवागार रस आत रक्तासारखा लाल दिसत होता. सहकारी दचकून मागे सरले. "घाबरू नगा," मॅडम म्हणाल्या, "पालक तुमाला न्हाई, बॅटरीला बोलला." त्या दिवसापासून डब्यातली प्रत्येक गोष्ट त्यांच्यासमोरून सुखरूप जाईलच अशी खात्री उरली नाही. हळदीचे पिवळे-हिरवे तेज तर त्यांनी आम्हाला इतक्यांदा दाखवले, की गल्लीतला किराणा दुकानदार त्यांना पाहिल्यावर हळदीची बरणी आपणहून काउंटरवर काढून ठेवू लागला. "बघून घ्या बाई एकदाचं," तो म्हणे, "गिऱ्हाईकासमोर नगा पदर घेऊ. लोकांना वाटतंय माझ्या दुकानात कोण गेलं."

त्यांचे खरे भांडण होते ते मोबाइलच्या शहाणपणाशी. आपण फोटो काढतो तेव्हा मोबाइल आपल्याला न विचारता अंधार उजळतो, फिके असेल ते गडद करतो, पिवळे असेल ते गोरे करतो. मॅडमच्या सुरुवातीच्या चाचण्यांत त्यामुळे विहिरीचे काय नि गटाराचे काय, सगळे पाणी सारखेच देखणे दिसले. पुढचे कित्येक महिने त्यांनी त्या यंत्राचा एकेक लाड बंद करण्यात घालवले. प्रकाश किती घ्यायचा, रंग कसा धरायचा, हे सगळे हाताने पक्के करून टाकले. "त्याचा मेकअप पुसला," त्यांनी मला एका सकाळी सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर लग्न जमवून आलेल्या बाईचे समाधान होते. "आता त्यो खरं बोलणार."

मी म्हणालो, "बोलू शकेल."



आता मी ज्या दिवसाविषयी लिहायला बसलो आहे, त्याच्याकडे येतो. मॅडम मूळच्या नेसरीच्या, शेतकरी घरातल्या. शाळेत त्यांच्या बाकावर एक जैन मुलगी बसत असे. वर्गात ती सर्वांत थोराड आणि सर्वांची वेणी घालून देणारी, म्हणून तिला सगळे तेव्हापासूनच अक्का म्हणत. या अक्का लग्नानंतर आजऱ्याजवळच्या एका वाडीत गेल्या आणि तिथे त्यांनी काजू सोलण्याचा छोटा कारखाना उभा केला. वाडीतल्या पुष्कळ बायका तिथे कामाला होत्या. ज्या बायकांना पूर्वी रोजगारासाठी दुसऱ्याच्या बांधावर जावे लागे, त्या आता सकाळी डबा घेऊन कारखान्यावर जात, आणि 'मी कामावर जाते' असे वाक्य त्या वाडीत बायकांच्या तोंडी प्रथमच आले होते.

पावसाळा सरल्यावर वाडीत पोटाचे आजार सुरू झाले. पिण्याची विहीर एकच, आणि ती कारखान्याच्या उताराला. कारखान्याच्या मागे सांडपाण्याचे टाके होते. लोकांनी दोन आणि दोन चार केले. सरपंचांनी ग्रामसभा बोलावली. ठराव असा येणार होता की कारखाना बंद करावा. अक्कांनी मॅडमना फोन केला. तो फोन मॅडमनी माझ्यासमोरच घेतला, आणि त्यांचा आवाज खाली आलेला मी तेव्हा प्रथम ऐकला.

"रडू नगंस," त्या म्हणाल्या. "तुझंच पाणी असंल तर मीच टाळं लावीन. पण आधी पाण्याला इचारूया की."

त्यांचा तर्क असा होता. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक द्रव्य घातलेले असते. ते जांभळ्या प्रकाशात निळे उजळते. कारखान्यात ते कुठेच वापरत नाहीत. घराघरांतल्या मोरीतून मात्र रोज वाहते. विहिरीचे पाणी जर निळे 'बोलले', तर त्यात घरांचे सांडपाणी शिरते आहे, आणि आजार तिथून येतो आहे. मला तर्क पटला. तरी मी विचारले, की पालापाचोळा कुजलेले पाणीही थोडे निळे उजळते, त्याचे काय? मॅडम हसल्या. "तेवढ्यासाठीच तुमास्नी न्यायचंय."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आम्ही वाडीत जाऊन विहिरीचे आणि टाक्याचे पाणी भरून घेतले. तुलनेसाठी निर्मळ पाणीही हवे होते. ते डोंगरातल्या झऱ्याचे. वाट चढाची, आणि मॅडमच्या गुडघ्याला ती झेपणारी नव्हती. मी जाऊ शकलो असतो. परतीची गाडी चुकेल अशी चिंता मी बोलून दाखवली, आणि अक्का लगेच म्हणाल्या, "असू दे सर, सकाळी मी आणते." पुढे जे घडले त्यात माझ्या त्या चिंतेचा वाटा किती, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे.

सभा देवळासमोरच्या मंडपात भरली. एका बाजूला गडी माणसे, दुसऱ्या बाजूला बायका. कारखान्यातल्या बायका एकत्र बसल्या होत्या आणि एकमेकींकडे पाहत नव्हत्या. सरपंच उंचेपुरे, पांढरी टोपी, पांढरा सदरा, कडक इस्त्री. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली आणि मला म्हणाले, "बसा पावणं. पण लांबण लावू नगा. गावाचं ठरलंय."

"ठरलंय तर मला कशाला खुर्ची दिली?" मॅडम म्हणाल्या. बायकांत कुजबुज झाली.

खोके टेबलावर आले. विहिरीच्या पाण्याची बाटली आत गेली, आणि मॅडमनी सरपंचांना मोबाइलच्या पडद्यात पाहायला सांगितले. निळे होते. साध्या डोळ्यांना नितळ दिसणारे पाणी तिथे चांदण्यासारखे फिके निळे उजळत होते. मग रांग लागली. म्हाताऱ्या बायका पडद्यात डोकावून हात जोडू लागल्या, तेव्हा मॅडम ओरडल्या, "पाया पडू नगा गं, ही तुमच्या मोरीतली पावडर हाय!"

टाक्याच्या पाण्याची बाटली ठेवली. तीही उजळली, जरा मळकट.

"मग?" सरपंच म्हणाले. "दोन्ही बोलत्यात की."

मागून एक तरुण शेतकरी उठला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमी फिजिक्सचं हाय म्हणं. नुसत्या कुजलेल्या पाल्यानं असं चमकू शकंल का न्हाय?"

सगळा मंडप माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "असू शकेल."

मॅडमनी डोळे मिटले. मग उघडले, आणि मला आश्चर्य वाटले, त्या हसत होत्या. "सरांनी बरोबर सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हणून आता दोन्ही पाणी उनात ठेवायचं. पावडरीचा उजेड उनाला टिकत न्हाय. पाल्याचा टिकतो."

स्टीलच्या दोन उघड्या वाट्यांत पाणी ओतून अंगणातल्या कडक उन्हात ठेवले. तेवढ्यात चहा झाला. त्या वाट्यांभोवती माणसे अशी उभी होती, जणू काही पंचनामा चालला आहे. नंतर पाणी पुन्हा बाटल्यांत भरून खोक्यात ठेवले. टाक्याचे पाणी होते तसेच मळकट उजळत होते. विहिरीचे जवळपास विझले होते. मोबाइलने आकडा सांगितला, पण आकड्याची गरज नव्हती. ते कुणालाही दिसत होते.

बायकांच्या बाजूने पहिला आवाज उठला. मॅडमनी हात वर केला. त्यांना सभा जिंकायची नव्हती, म्हणणे सिद्ध करायचे होते. "थांबा. आता झऱ्याचं पाणी. वर घर न्हाय, धुणं न्हाय. हे गप्प बसणार."

त्यांनी अक्कांनी आणलेली बाटली आत ठेवली.

ती उजळली. निळी, विहिरीपेक्षाही जोरात.

 सरपंचांनी पडद्यात पाहिले, सरळ उभे राहिले, आणि मोठ्याने हसले. "झऱ्यावर कोण धुणं धुतंय मॅडम? माकडं? तुमच्या मोबाइलला सगळंच बोलतंय की!"

मंडप हसला. मॅडमनी मोबाइल काढून पुन्हा बसवला, फिल्म पुसली, बाटली फिरवली. निळेच. कारखान्यातल्या बायकांपैकी एकीने पिशवी उचलली, तशी दुसरीनेही. सरपंच म्हणाले, "चला, ठराव वाचा."

मॅडमच्या जवळ बसलेला मी पाहत होतो. इतकी वर्षे ज्यांचा आवाज मी भिंतीतून ऐकला होता, त्या बाई पूर्ण गप्प झाल्या होत्या. त्यांनी काय केले असेल? त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, बॅटरी आणि मोबाइल आत घेतला, आणि झऱ्याच्या बाटलीकडे नाही, तर मंडपाकडे वळल्या. पदराच्या कडेतून त्या माणसांवर बॅटरी टाकीत होत्या. काही जण हसले. मग त्या सरपंचांच्या समोर येऊन थांबल्या.

"तुमची टोपी बोलतीय," त्या आतून म्हणाल्या.

"मॅडम, आता पुरे करा."

"टोपी बोलतीय, सदरा बोलतोय. जे जे पांढरं धुतलंय ते ते बोलतंय." त्यांनी पदर मागे टाकला. चेहरा घामाने ओला होता आणि डोळे लखलखत होते. "अक्का! तू बाटली कशी भरलीस?"

अक्का बायकांच्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना प्रश्न कळला नाही. "कशी म्हणजे? गाळून."

"काय?"

"गाळून गं. पाणी न गाळता भरायचं कसं? जीव असत्यात त्यात." जैन घरांत पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घेत नाहीत, हे त्या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अक्कांच्या घरी ते फडके, गाळणे, देव्हाऱ्याइतकेच पवित्र. "आणि तपासणीचं पाणी म्हणून काल नवं गाळणं काढलं. चांगलं पावडरीत भिजवून धुतलं, दुधासारखं पांढरं केलं, आणि मगच..."

पुढचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत, कारण मॅडम हसत होत्या. पोट धरून, खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. "आन," त्या कशाबशा म्हणाल्या, "आन ते गाळणं हिकडं!"

गाळणे आले. मॅडमनी त्याचा एक कोपरा खोक्यात सरकवला आणि मोबाइल सरपंचांच्या हातात दिला. पडद्यावर जणू ट्यूबलाइट लागली होती. सरपंचांनी तो शेजारच्याकडे दिला. मोबाइल हातोहात मागे गेला, आणि तो जिथे जिथे पोहोचला तिथे तिथे "आयला!" असा आवाज निघत गेला.

"म्हणजे..." अक्का उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे माझ्याच हातानं मी..."

"व्हय. लई सोवळ्यात मारणार हुतीस स्वतःला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. "गाळणं सोडू नगंस अक्का. पावडर सोड."

सरपंच मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हे झालं फडक्याचं. झऱ्याचं पाणी गप्प बसतंय हे अजून कुठं दिसलंय?" प्रश्न रास्त होता. मॅडमनी तो लगेच मान्य केला. "तुमीच आना. तुमच्या हातानं. ठराव तवर थांबू दे."

यावेळी मी उठलो. सरपंचांनी मोटरसायकल काढली, मी मागे बसलो. वाट संपली तिथून आम्ही चालत चढलो. माझ्यापेक्षा वयाने मोठा तो माणूस माझ्या पुढे होता आणि धापा टाकत बोलत होता. "नात दवाखान्यात हाय, सर. गडहिंग्लजला. सलाईन लावलंय. एवढंसं पोर." थोडे पुढे जाऊन तो म्हणाला, "कुणाला तरी धरायलाच पायजे नव्हं? हात रिकामं बरं वाटत न्हाईत."

 माणसाचा राग बहुधा कशापोटी असतो, हे मी त्या चढावर शिकलो, आणि त्यानंतर मला कुणावर पटकन रागावता आलेले नाही.

झऱ्यापाशी त्यांनी बाटली पुन्हा पुन्हा विसळली, भरली, बूच लावले आणि उतरताना ती मला देऊ केली नाही. मंडपात पोहोचलो तेव्हा माणसे होती तिथेच बसली होती. उलट वाढली होती. सरपंचांनी बाटली स्वतः खोक्यात ठेवली, स्वतः पडद्यावर वाकले. आम्हाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. 

"गप्प हाय," ते म्हणाले.

"मोठ्यानं," मॅडम म्हणाल्या.

सरपंच वळले. "गप्प हाय!" ते ओरडले. "झऱ्याचं पाणी गप्प हाय. हिरीचं बोलतंय. पावडर हाय हिरीत!"

मग मात्र बायकांना कुणी आवरू शकले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी अक्कांना कवेत घेतले. पिशव्या उचललेल्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मॅडम त्या गलक्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "अजून संपलं न्हाय! येतंय कुठनं ते बघायचंय! बादली आना!"

सगळी सभा विहिरीवर गेली. विहिरीच्या वरच्या अंगाला, दगडांच्या सांध्यांतून एके ठिकाणी पाणी पाझरत होते. एका गड्याने उतरून तिथले पाणी थेट लोट्यात धरले. ते बाटलीत घालून खोक्यात ठेवले, तर इतके उजळले, की सरपंचांनी पडद्यावरून मान वर करून सरळ समोर, विहिरीच्या वरच्या अंगाच्या काठाकडे पाहिले. तिथून गटार जात होते. वाडीचे नवे गटार, सरपंचांच्याच कारकिर्दीत बांधलेले. ज्याच्या उद्घाटनाला त्यांनी नारळ फोडला होता. फरशी उचलली, तेव्हा खाली तडा दिसला, आणि त्या तड्यात साबणाचा फेस.

सगळे सरपंचांकडे पाहू लागले. हा क्षण कसाही गेला असता. मी पाहिले आहे, विजय हाती आल्यावर माणसे पुष्कळदा अशाच क्षणी क्रूर होतात. मॅडमना तशी संधी होती, आणि त्यांची जीभ किती धारदार हे मला चांगले ठाऊक होते.

त्या पुढे झाल्या. "गटार तुमचं, दुरुस्ती तुमची," त्या म्हणाल्या, "आणि शोधून काढलं त्याचा मान बी तुमचाच. झऱ्यावर तुमी गेलता. मी खुर्चीवर बसून चहा पीत हुते."

 सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडे पाहिले, ती खिशात कोंबली, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "पहार आना रे."

ठराव वाचला गेला नाही. गटाराची फरशी त्याच दुपारी फुटली. पुढे विहीर उपसली गेली, औषध टाकले गेले, वाडीतले आजार ओसरले, आणि सरपंचांची नात घरी आली. हे सगळे मला नंतर मॅडमकडून कळत गेले. त्यांना त्यानंतर इतक्या गावांतून बोलावणी आली, की खोकी कमी पडू लागली. त्यांनी विद्यार्थ्यांना खोके बनवायला शिकवले, शिक्षकांना मोबाइलचा मेकअप पुसायला शिकवले, आणि प्रत्येक ठिकाणी पहिली सूचना एकच दिली: बाटली भरताना फडके लावायचे नाही, मग ते कितीही पवित्र असो. गडहिंग्लज, चंदगड, कागलच्या बाजूच्या कित्येक विहिरींचे पाणी त्या खोक्यांतून गेले. ज्यांनी पालकाच्या सेल्फीबद्दल विचारले होते, त्यांनीही पुढे आपल्या गावाकडच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले, आणि तेही न गाळता. मॅडमनी त्यांना एका शब्दाने टोचले नाही. मला ते अवघड गेले असते.

यंदा त्या निवृत्त झाल्या आणि नेसरीला राहायला गेल्या. आमच्यामधल्या भिंतीतून आता नव्या शिक्षिकेचा आवाज येतो. चांगल्या शिकवतात, हळू बोलतात. माझा तास त्यांना ऐकू जात असावा. सकाळी वर्गात जाताना मी क्षणभर थांबतो आणि मग स्वतःच्या थांबण्याचे मला हसू येते.

परंतु मॅडमची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांसमोर त्याच दिवसाची संध्याकाळ येते. गटारावर काम सुरू झाल्यावर कारखान्यातल्या बायका घरी गेल्या नाहीत. दिवस थोडाच उरला होता, सुट्टी सहज घेता आली असती. पण त्या ओळीने कारखान्यात गेल्या आणि आपापल्या जागी बसल्या, काजूची पातळ साल काढायला. मॅडमही त्यांच्यात जाऊन बसल्या आणि सुरी मागून घेतली. मी दाराशी उभा होतो. त्यांनी पहिलाच काजू हातात घेतला, आणि कट्‌कन आवाज झाला.

"पाकळी पाडली!" शेजारची बाई ओरडली. "मॅडम, अखंड निघाला पायजे!"

दुसराही तुटला. अक्का पलीकडून म्हणाल्या, "मोबाइलनं सोल की, हातानं जमंना तर!" आणि तो सगळा लांब पत्र्याचा मांडव हसण्याने भरून गेला. मॅडम सर्वांत मोठ्याने हसत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, गाडीची वेळ झाली." त्यांनी मागे न बघता सुरीचा हात हलवला. "तुमी जावा सर. एक तरी अखंड काढल्याबिगर मी उठणार न्हाय."

मी फाट्यावर गेलो. एसटी आली. सकाळी आम्हाला आणून सोडणारा कंडक्टरच त्या गाडीवर होता. भाजीच्या पिशवीतले खोके उघडून दाखवा म्हणून त्याने तेव्हा मॅडमशी वाद घातला होता आणि तो हरला होता. त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिले, कुणी चढते आहे का म्हणून थोडा थांबला, आणि घंटीची दोरी हातात धरून म्हणाला, "पावणं, त्या दणदणीत आवाजाच्या बाई कुठायत?"

मी खिडकीतून कारखान्याकडे पाहिले. तिथे दिवे लागले होते.

"त्या कामावर आहेत," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिले.